'ट्रान्स्क्राइब करून पाठवा' म्हणजे नेमकं काय काय करायचं?

ब्रह्मपुरीवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गावातलं जुनं काही जपून ठेवावं म्हणून आमच्याजवळ थोडं साहित्य जमा झालं आहे. मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं म्हाताऱ्या माणसांचं बोलणं आहे, साधारण सहा तासांचं, झाडीबोलीत (पूर्व विदर्भातली आमची बोली), मधेमधे गोंडीत. बायांच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, दंडारीतली (दंडार म्हणजे आमच्याकडचं नाच-गाण्याचं लोकनाट्य) काही गाणी आहेत आणि एका घरातल्या पेटाऱ्यात सापडलेले मोडीतले तीन कागद आहेत. जिथं हे द्यायचं तिथून एका ओळीचं उत्तर आलं: "सर्व साहित्य ट्रान्स्क्राइब करून पाठवा."

आता एक जण म्हणते टाइप करा, दुसरा म्हणते लिप्यंतर करा, तिसरा म्हणते प्रमाण मराठीत भाषांतर करा. भजनी मंडळातले पेटीवाले म्हणतात स्वर लिहून द्या. आणि दहावीतल्या पुतणीनं विज्ञानाचं पुस्तक उघडून दाखवलं, तिथं ट्रान्स्क्रिप्शन पेशीतच सुरू आहे! एकाच शब्दाचे इतके अर्थ असतील तर कोणत्या वस्तूचं काय करायचं, कोणत्या क्रमानं, आणि कुठं फसायला होते, हे कोणी नीट सांगजा.

---

वऱ्हाडी_लेखणी

भाऊ, तुमच्या पेटाऱ्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे, म्हणून सगळेच अर्धे बरोबर आहेत. फक्त भाषांतरवाला चुकला. ट्रान्स्क्राइब करताना भाषा बदलत नाही. आवाजाचं अक्षर होते, मोडीचं बालबोध (देवनागरी) होते, गाण्याचे स्वर कागदावर येतात. बोलणाऱ्याचे शब्द तेच राहतात. प्रमाण मराठीतला अर्थ द्यायचाच असेल तर तो वेगळ्या रकान्यात, मूळ मजकूर झाकून नाही.

मी फक्त आवाजाबद्दल सांगतो. बाकीचं जाणकार सांगतीलच.

सुरुवात फाइलपासून. मूळ रेकॉर्डिंगला हात लावू नका. त्याच्या दोन प्रती करा, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्याच्या घरच्या संगणकावर, आणि काम तिसऱ्या प्रतीवर करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली व्हॉइस नोट प्रत म्हणून धरू नका. ते ॲप आवाज फार दाबते, आणि स-श, त-थ यांच्यातला फरक पहिल्यांदा तिथंच मरतो. पाठवायचंच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पुढचं रेकॉर्डिंग वेव्ह फॉरमॅटमध्ये, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असं ठेवा. मिनिटाला सुमारे ५ एमबी, म्हणजे तासाला ३०० एमबीच्या थोडं वर जागा लागते. फोन एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून वीतभर ते हातभर अंतरावर, घडी केलेल्या टॉवेलवर. जमिनीवर किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवला की पायाचे धक्के आवाजात येतात. पंखा बंद. जातं फिरत असताना ओवी घेतली असेल तर घरघरीत शब्दांची शेवटची अक्षरं बुडतात, म्हणून त्याच बाईकडून तीच ओवी एकदा जातं थांबवून सांगून घ्या. दोन्ही ठेवा, कारण जात्यासोबतची चाल आणि नुसती सांगितलेली चाल वेगळी निघते.

वेळेचा अंदाज आधी घ्या. स्वच्छ आवाज आणि एकच बोलणारा असेल तर एका तासाच्या रेकॉर्डिंगला चार ते सहा तास लागतात. अंगणात चार म्हातारे एकावर एक बोलत असतील, कोंबडा आरवत असेल, तर दुप्पट धरा. तुमच्या सहा तासांना एका माणसाचे पाच-सहा पूर्ण दिवस सहज जातील. हे एकाच पोरावर टाकू नका. दोन तासांनंतर कान थकते आणि माणूस ऐकलं त्यापेक्षा अंदाजानं लिहायला लागते.

संगणकावर आवाजाच्या कामाचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात 'टेम्पो' कमी करा, 'स्पीड' नाही. स्पीड कमी केला की आवाज घोगरा होते, टेम्पोनं पट्टी तशीच राहते. ७० टक्क्यांच्या खाली गेलं की अक्षरं ओढल्यासारखी होतात, फायदा होत नाही. ऐकता ऐकता टाइप करायला ओट्रान्स्क्राइब नावाची फुकटची सोय ब्राउझरमध्ये चालते: एका बटणानं थांबवणं, दुसऱ्यानं मंद करणं, तिसऱ्यानं वेळेची नोंद टाकणं. बोलणारे जास्त असतील किंवा ओळीखाली अर्थाची ओळ हवी असेल तर एलान वापरा. ते नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं आहे, भाषा अभ्यासणारे तेच वापरतात. पण शिकायला वेळ मागते.

टाइप युनिकोडमध्येच करा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम दुसऱ्या संगणकावर गेलं की अक्षरांचा चिवडा होते.

लिहिलेलं असं दिसायला पाहिजे (नमुना आमच्या वऱ्हाडातला, मी बनवलेला):

[००:०४:१२] म१: त्या वरसी पोयाले पानी आलं. मंग कपाशी बसली.
[००:०४:१८] प्र: कोणत्या वर्षी?
[००:०४:२०] म१: थे नाई सांगता येत (हसते). धाकला पोरगा रांगत होता तवा.
[००:०४:२७] म२: [अस्पष्ट, २ सेकंद] इहीर खंदली तेच साल.

'म१' हा बोलणाऱ्याचा संकेत, 'प्र' म्हणजे प्रश्न विचारणारा. नाव, वय, गाव वेगळ्या कागदावर. न कळलेला शब्द गाळू नका आणि बनवू नका, 'अस्पष्ट' लिहून वेळ टाका. 'पोयाले'चं 'पोळ्याला' करू नका, 'इहीर'ची 'विहीर' करू नका. नेमकं तेच जपायचं आहे.

अडखळणं, 'हूं', 'म्हंजे म्हंजे' हे ठेवायचं की काढायचं ते आधी ठरवा. भाषेच्या अभ्यासासाठी सगळं ठेवतात. गावाचा इतिहास म्हणून छापायचं असेल तर अडखळणं काढलं तरी चालते, पण तसं वर एका ओळीत लिहा. अर्ध्या फाइलमध्ये ठेवलं आणि अर्ध्यात काढलं, हा सगळ्यात वाईट प्रकार. दोन-तीन जणांनी वाटून काम केलं की हमखास असंच होते. म्हणून आधी एक पानाचा नियम-कागद करा, मग वाटणी करा.

---

झाडीची_सावली

वऱ्हाडी भाऊंच्या सांगण्यात झाडीकडची एक भर. वऱ्हाडात ळ चा य होते, डोया दुखते म्हणतात. आपल्या झाडीत ळ चा र होते: डोरा, कारा. 'पोरा भरला' हे बाहेरच्या माणसानं ऐकलं तर तो मुलगा समजेल, तिथं पोळा आहे. ण चा न आणि श चा स तर सगळीकडे. ब्रह्मपुरीच्या रेकॉर्डिंगचं काम पुण्याच्या टायपिस्टकडे दिलं तर तो प्रामाणिकपणे चुकीचं लिहून देईल आणि त्याला कळणारही नाही. ऐकणारा त्याच पट्ट्यातला पाहिजे. आणि लिहून झालं की ज्या बाईचं बोलणं आहे तिच्यापुढं बसून वाचून दाखवा. 'अस्पष्ट' लिहिलेल्या अर्ध्या जागा तिथंच भरून निघतात.

आणखी एक अडचण अक्षरांची आहे. आपल्या लिपीत च आणि ज चे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार माणसं' मधला चार आणि 'गुरं चार' मधला चार लिहायला एकच, बोलायला वेगळे. गाव-इतिहासाला याचं काही अडत नाही. बोलीच्या उच्चारासाठी काम असेल तर दंत्य च-ज ('गुरं चार' मधल्यासारखा) खाली नुक्ता, म्हणजे टिंब, द्या (च़, ज़) आणि नियम-कागदात तसं लिहा. विद्यापीठात आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत लिहितात, ते काम तिथल्या माणसांवर सोडा.

एका बाबतीत माझं मत वऱ्हाडी भाऊंपेक्षा वेगळं आहे. ते म्हणतात प्रमाण मराठी वेगळ्या रकान्यात. ओव्यांना तेही देऊ नका. ओवीतल्या एखाद्या शब्दाला खाली टीप द्या, बस. शेजारी सपाट प्रमाण ओळ ठेवली की वाचणारा तीच वाचते आणि मूळ ओवीवरून नजर उडते.

---

वऱ्हाडी_लेखणी

ओव्यांपुरतं कबूल, ताई. म्हाताऱ्यांच्या बोलण्याला मात्र रकाना पाहिजे. मुंबईच्या वाचणाऱ्याले 'इस्तो' कोण सांगेल? (इस्तो म्हणजे विस्तव, मुंबईवाल्यांसाठी.)

ओव्यांवरून आठवलं. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्यांतल्या काही शब्द आणि आवाज दोन्हींसकट पाहता येतात. नोंद कशी ठेवतात ते तिथं पाहा: गाणारीचं नाव, गाव, विषय. तुमचा तक्ता तसाच करा.

---

मोडीमित्र

तीन कागदांबद्दल. इथे ट्रान्स्क्राइब म्हणजे लिप्यंतर: मोडी अक्षराच्या जागी बालबोध अक्षर. भाषा मराठीच आहे, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न नाही.

आधी कागद वाचवा. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, घडी जोरानं उलगडू नका. फोटो सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न लावता, कॅमेरा कागदाला समांतर धरून. एक संपूर्ण पानाचा आणि मग तुकड्यातुकड्यांचे, प्रत्येक तुकड्यात शेजारच्या तुकड्याच्या दोन ओळी याव्यात असे. शाई फिकी असेल तर बाजूनं तिरपा उजेड टाकून आणखी एक फोटो. मागची बाजू विसरू नका. शेरे आणि शिक्के बहुधा मागेच असतात. स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआय पुरे.

मोडी वाचताना घोटाळा कुठे होतो? लिहिणारा आधी पानभर शिरोरेषा ओढून घेतो आणि मग तिच्याखाली सलग अक्षरं जोडत जातो. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही. 'त्यासमजकूर' हे 'त्यास मजकूर' की 'त्या समजकूर', हे संदर्भावरूनच ठरतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद लिपीतच नाही, अनुस्वार अनेकदा गाळलेला असतो. म्हणून लिप्यंतरात आजच्या शुद्धलेखनाचा आग्रह धरू नका. र ची रूपं जोडणीप्रमाणे बदलतात, नवशिक्याला तो प्रत्येक वेळी नवं अक्षर वाटतो. इंग्रजी अमलातली मोडी टाकानं घाईत लिहिलेली असते आणि बोरूच्या जुन्या वळणदार मोडीपेक्षा ती वाचायला अवघड जाते. कागद जुना तितका कठीण, असं समजून चालू नका.

पद्धत अशी ठेवा. मूळ ओळीला लिप्यंतराची एक ओळ, ओळींना क्रमांक. फाटलेल्या जागी टिंबं आणि अंदाजे किती अक्षरं गेली तो आकडा. शंकेचं अक्षर चौकटी कंसात. संक्षेप आहे तसा ठेवा, विस्तार करायचा तर कंसात. 'मौ।' म्हणजे मौजे, 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' किंवा 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको, 'साकिन' म्हणजे राहणार, 'मजकूर' म्हणजे वर सांगितलेला. वल्द आणि जौजे आपल्या विदर्भातल्या कागदांत भरपूर दिसतात. जातीच्या रकान्यात 'कु.' दिसलं की लगेच 'कुणबी' लिहून मोकळं होऊ नका. आधी मूळ 'कु.' तसंच लिहा आणि त्याच गावच्या इतर नोंदींत लिहिणाऱ्यानं तो संक्षेप कुठे विस्तारानं लिहिला आहे का ते पाहा. आजकाल अशा एका अक्षरावर माणसं कोर्टात जातात.

आकडे हा वेगळा डोंगर. आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. '५॥' रुपये म्हणजे साडेपाच रुपये, पाचशे अकरा नव्हे. खंडी २० मणांची आणि मण ४० शेरांचा, पण शेर गावागावाला वेगळा होता. किलोत रूपांतर करून लिहू नका.

सनाचंही तसंच. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारीनंतरची तिथी असेल तर ७९. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या कारभारात होता, त्यामुळे तिकडच्या कागदांवर फसली सन (महसुलासाठीची कालगणना) येतो. दख्खनी फसलीत ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झालं तो सन मिळतो. उत्तरेकडची फसली दोन वर्षांनी वेगळी पडते. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातल्या कागदावर सुहूर सन (मराठेशाहीतली आणखी एक कालगणना) असू शकतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. मजकुरात सन मूळचाच ठेवायचा, इसवी सन टिपेत.

ब्रह्मपुरी म्हणजे जुना चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा, मालगुजारीचा, म्हणजे मालगुजारामार्फत सारा वसूल होण्याचा मुलूख. घरातले कागद मोडीत असले तरी तुमच्याच गावची वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) किंवा निस्तारपत्रक (जंगल, चराई वगैरे वापराच्या हक्कांची नोंद) काढलंत तर ते हिंदीत किंवा फारसी शब्दांनी भरलेल्या मराठीत मिळू शकतं. त्याला मोडीवाला नको, फारसी महसुली शब्द जाणणारा हवा.

कार्यालयात दाखल करायचं असेल तर घरी केलेलं लिप्यंतर चालत नाही. कोणाची सही-शिक्का लागतो ते त्या कार्यालयालाच आधी विचारा. पुराभिलेख खात्याचं नागपूरला कार्यालय आहे, तिथून सुरुवात करता येईल. टाइप करताना मोडीची अक्षरंच हवी असतील तर २०१४ पासून युनिकोडमध्ये मोडी आहे, पण तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

जाता जाता: रिद्धपूरकडच्या महानुभावांच्या जुन्या पोथ्या हाती आल्या तर त्या मोडी समजून माझ्याकडे पाठवू नका. त्यांतल्या कित्येक सकळ लिपीत असतात. तिथे एका अक्षराच्या जागी दुसरंच अक्षर ठरवून लिहिलेलं असतं. ट्रान्स्क्राइब म्हणजे तिथे कुलूप उघडणं, आणि किल्ली पंथातल्या अभ्यासकांकडे असते.

---

पेटीमास्तर

दंडारीची गाणी आणि ओव्यांच्या चालीबद्दल. शब्द लिहून झाले म्हणजे अर्धंच काम झालं. चाल लिहायला स्वरलिपी लागते. आपल्याकडे भातखंडे पद्धत सोपी पडते, कारण शाळेतले संगीत शिक्षक तीच वाचतात. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब. स्वर लांबला तर पुढे आडवी रेघ, शब्द लांबला तर अवग्रह ऽ. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) ×, खालीला शून्य, टाळीला तिचा आकडा. एका मात्रेत दोन-तीन स्वर आले तर त्यांच्याखाली एकच कंस.

पहिला प्रश्न: सा कोणता? लोकगीताला तानपुरा नसतो. ओळ संपताना गाणारी ज्या स्वरावर विसावते तो धरून पाहा आणि पेटीवर मिळवा. वर लिहा 'सा = काळी चार' किंवा जे असेल ते. नंतर दहाव्या ओवीवर पुन्हा तपासा. बऱ्याचदा आवाज अर्ध्या सुरानं चढलेला असतो. स्वर तेच लिहायचे, पण 'इथून पट्टी चढली' अशी नोंद करायची.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चाल ओळखीच्या रागात किंवा ठेक्यात कोंबणं. भजनी ठेका आठ मात्रांचा हातात बसलेला असतो, मग माणूस प्रत्येक गाणं आठात बसवते. जात्याच्या ओवीला जात्याच्या फेऱ्याची लय असते. हात थकला की ती ढिली होते, मधे दाणे टाकताना थांबते. तिथं मात्रा मोजत बसू नका, शब्दांवर फक्त स्वर लिहा आणि 'मुक्त लय' असं नोंदवा. दंडारीच्या गाण्याला मात्र ठेका पक्का असते, तिथं मात्रा लिहिल्याच पाहिजेत, नाहीतर नाचणाऱ्याचं पाऊल कुठं पडते ते कळणार नाही. कणस्वर (मुख्य स्वराला निसटता लागणारा सूर) आणि हेलकावे स्वरलिपीत नीट येतच नाहीत. त्यासाठी रेकॉर्डिंग जोडायचं.

दहा कडवी एकाच चालीत असतील तर एकच लिहा. चाल बदलली त्या कडव्याची वेगळी.

बँडवाल्यांच्या भाषेत ट्रान्स्क्राइब म्हणजे एका वाद्याचं दुसऱ्या वाद्यासाठी लिहून घेणं, उदाहरणार्थ सनईची चाल क्लॅरिनेटला. तुम्हाला ते नको.

---

ब्रह्मपुरीवाला

फार उपकार. आणखी दोन गोष्टी. एक पोरगा म्हणते मोबाईलवर बोलून टाइप होते, एआयला फाइल दिली की दहा मिनिटांत सगळं लिहून येते, मग पाच दिवस कायले घालवता? आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात जंगलाचा वापर, मोहफुलं, तेंदू, गुरं चारायच्या जागा असं बरंच आहे. ग्रामसभेचे लोक म्हणतात हे सामूहिक वनहक्काच्या दाव्याला जोडता येईल. तिथं हेच लिहिलेलं चालेल का?

---

वऱ्हाडी_लेखणी

एआयचं पहिलं. व्हिस्परसारखी यंत्रं मराठी ओळखतात, पण त्यांना सवय मुख्यतः प्रमाण मराठीची. 'मले'चं 'मला' होते, 'जाऊन राह्यला'चं 'जात राहिला' होते, आणि तेही बेमालूम, वाचणाऱ्याला शंका येत नाही. लांब शांतता किंवा नुसती जात्याची घरघर आली की ते कधीकधी कोणी न बोललेलं वाक्य लिहून टाकते. गोंडी आली की मराठीसारखे दिसणारे शब्द जुळवते. प्रमाण बोलणाऱ्या मास्तरची मुलाखत असेल तर वापरा, कच्चा मसुदा म्हणून वेळ वाचते. बोलीच्या रेकॉर्डिंगवर दुरुस्तीला जो वेळ लागते त्यात नव्यानं लिहून होते. एक उपयोग आहे: कोणत्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं आहे याची यादी काढायला.

मधला रस्ता सांगतो. कानात रेकॉर्डिंग ऐकत, तेच वाक्य स्वतःच्या तोंडानं फोनच्या मराठी व्हॉइस टायपिंगला सांगायचं आणि बोलीचे शब्द हातानं सुधारायचे. ज्याला टाइप करणं जड जाते त्याला हे बरं पडते.

---

ग्रामसभा_सहायक

वनहक्काबद्दल. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांतल्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे, त्यात दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन धरलेलं आहे. म्हणजे बोलणं कागदावर आणणं हे इथं कायद्याच्याच यादीतलं काम आहे. पण सहा तासांचं शब्दशः लिखाण जसंच्या तसं जोडू नका, कोणी वाचणार नाही.

त्यातून त्या माणसाचा जंगल-वापराचा भाग वेगळा काढा. प्रथमपुरुषातच ठेवा, 'आमी तिकडं गुरं चारत होतो' असं. 'निवेदनकर्त्यांच्या म्हणण्यानुसार' अशी कचेरीची भाषा करू नका. नंतर विचारपूस झाली तर म्हाताऱ्याला स्वतःचंच निवेदन ओळखू येत नाही. जागेची नावं लोक म्हणतात तीच: नाला, टेकडी, बोडी (लहान तळं), देवाची जागा. कंसात कंपार्टमेंट (वनविभागानं पाडलेला जंगलाचा तुकडा) क्रमांक द्या आणि तो वनविभागाच्या नकाशावरून तपासून घ्या. साल सांगता येत नसेल तर त्यांच्याच खुणा ठेवा: बाहत्तरच्या दुष्काळाआधी, मालगुजारी गेली तेव्हा, अमका तलाव फुटला तेव्हा. तुमचा सनाचा अंदाज खाली टीप म्हणून. इतर पारंपरिक वननिवासींना (अनुसूचित जमातींत न येणाऱ्यांना) १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. तिथं उगाच नेमकं साल लिहिलं आणि ते दुसऱ्या कागदाशी जुळलं नाही तर खुसपट काढायला जागा मिळते.

मग ते त्यांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, बदल सांगितला तर करा, सही किंवा अंगठा, तारीख, गाव, दोन साक्षीदार. अंगठ्याखाली कोणाचा अंगठा आणि कोणी वाचून दाखवलं ते लिहा. रेकॉर्डिंग ग्रामसभेकडे ठेवा आणि निवेदनावर फाइलचं नाव आणि मिनिट टाका.

ग्रामसभेचं इतिवृत्त वेगळं, बरं का. तिथं ठराव आणि चर्चेचा सारांश लागतो, शब्दशः लिखाण नाही. अनेक ठिकाणी सचिवांना रेकॉर्डिंग देऊन 'ट्रान्स्क्राइब करा' म्हणतात, आणि चाळीस पानं हाती येतात ज्यात ठराव कुठं आहे ते सापडत नाही.

---

कपाशी_आणि_पेशी

पुतणीचंही उत्तर द्या कोणीतरी! दहावीच्या पुस्तकात त्याला प्रतिलेखन म्हणतात. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकावरचा क्रम वाचून आरएनए पॉलिमरेज हे विकर त्याची एमआरएनए प्रत बनवतं. डीएनएची 'अक्षरं' चार: ए, टी, जी, सी. समोर ए असेल तर प्रतीत यू येतो, टी असेल तर ए, जी असेल तर सी, सी असेल तर जी. भाषा न्यूक्लिओटाइडची, म्हणजे याच अक्षरांची, राहते, म्हणून ते प्रतिलेखन. त्या प्रतीवरून रायबोसोम अमिनो आम्लांची साखळी बनवतो, तिथं भाषाच बदलते, म्हणून ते भाषांतरण. वर वऱ्हाडी भाऊंनी सांगितलेला फरक पेशीतही तसाच आहे, तेवढं लक्षात ठेवलं तर परीक्षेत दोन्हींची अदलाबदल होणार नाही.

तिला वावरातलं उदाहरण सांगा. बीटी कपाशीत जिवाणूचं क्राय जनुक (बोंडअळीला मारक प्रथिन बनवणारं) घातलेलं असतं. ते नुसतं असून चालत नाही, त्याचं प्रतिलेखन व्हावं लागतं. त्यासाठी जनुकाच्या पुढे 'इथून सुरू करा' सांगणारा तुकडा, प्रमोटर, जोडतात. बऱ्याचदा तो फुलकोबीवरच्या एका विषाणूतून घेतलेला ३५एस असतो. पीक जुनं होत जातं तसं पानांतलं क्राय प्रथिन घटत जातं. फुलं-बोंडांच्या काही भागांत ते मुळात पानांपेक्षा कमी असतं. साधारण शंभर दिवसांनंतर 'बीटी आहे, फवारणी कशाला' म्हणून निर्धास्त राहता येत नाही, त्यामागचं हे एक कारण. बोंडअळी प्रतिकारक्षम झाली हा वेगळा मुद्दा, दोन्ही एकत्र करू नका.

---

ब्रह्मपुरीवाला

पुतणीला दाखवलं, तिनं वहीत उतरवून घेतलं. आता शेवटचं: गोंडीच्या भागाचं काय करावं? लिहिणारे आमच्यात दोघे आहेत, पण देवनागरीत लिहिताना अडतात म्हणतात.

---

झाडीची_सावली

देवनागरीतच लिहा, वाचणारे जास्त मिळतील. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या दोन्ही लिप्या युनिकोडमध्ये आहेत, पण तुमच्या लिहिणाऱ्यांना त्यातली येत असेल तरच.

अडतात ते बहुतेक ए आणि ओ वर. मराठीत हे स्वर लांबच धरतो, गोंडीत आखूड आणि लांब असा फरक पडतो. युनिकोड देवनागरीत आखूड स्वरांसाठी ऎ आणि ऒ ही अक्षरं आणि त्यांच्या मात्रा (ॆ, ॊ) आहेत. नेहमीच्या मराठी कळफलकावर त्या दिसत नाहीत, पण इनस्क्रिप्टमध्ये किंवा विशेष चिन्हांच्या तक्त्यात मिळतात. काही फॉन्टमध्ये त्यांच्या जागी रिकामी चौकट दिसते, म्हणून आधी एक ओळ टाइप करून, पीडीएफ काढून, दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा.

दोघांनी पहिली पाच मिनिटं वेगवेगळी लिहावी आणि मग कागद शेजारी ठेवून जुळवावे. जिथं दोघांनी वेगळं लिहिलं तिथं ठरवून एकच रूप घ्यायचं आणि नियम-कागदात टाकायचं. मराठी अर्थ गोंडी ओळीच्या खाली द्या, इथं तो लागतोच. माझा ओव्यांचा आग्रह गोंडीला लागू नाही. आणि बोलणाऱ्यानं मधेच मराठी शब्द वापरला असेल तर त्याचं गोंडीकरण करू नका. 'ग्रामपंचायत' म्हणाला असेल तर ग्रामपंचायतच लिहायचं.